खबरदार नावाचा नवाब

नवाबाचं नाव खबरदार. जर्मन छापात ते 'काबेरदार' असं दिसतं, पण मराठी कानाला लगेच ओळखू येतं आणि मग हसू आवरत नाही. म्हैसूरचा परागंदा नवाब गंभीर चेहऱ्याने रंगमंचावर उभा आहे आणि त्याला हाक मारली की गस्तवाल्याची आरोळी ऐकू येते! त्याच्या जुन्या सोबत्याचं नाव मुसाफेरी. म्हणजे मुसाफिरच. तिसरा एक तरुण आहे फाझीर. त्यात फजर, वजीर आणि फाजील तिन्ही एकदम वाजतात. पूर्वेचे शब्द तेव्हा प्रवासवर्णनांच्या गाठोड्यातून युरोपात पोचत आणि त्यांचे अर्थ बहुधा वाटेतल्याच एखाद्या बंदरात उतरून जात. नवाबाच्या लेकीचं नाव मात्र कुठल्याच भारतीय भाषेतलं वाटत नाही. गुर्ली. गाजलं नेमकं तेच.

हे नाटक जर्मन नाटककार ऑगस्ट फॉन कोत्सेबूचं, 'दी इंडियानर इन एंगलांट', म्हणजे 'इंग्लंडातले हिंदी लोक'. तीन अंकी विनोदी नाटक. कोत्सेबूची नाटकं पुढे डच भाषांतरातून दक्षिण आफ्रिकेतलं केप टाऊन आणि जावातलं बटाव्हिया, म्हणजे आजचं जकार्ता, इथल्या हौशी मंडळांनी उचलून धरली. ही गोष्ट त्याचीच. कोत्सेबू वायमारचा, जन्म ३ मे १७६१. पानिपत होऊन साडेतीन महिने झाले होते आणि त्याच वर्षी म्हैसुरात हैदरअलीने खंडेरावाला बाजूला सारून सत्ता हातात घेतली. हा योगायोग उगाच सांगत नाही. नाटक रेवालच्या रंगमंचावर आलं १७८९ मध्ये आणि लायप्झिगला छापलं गेलं १७९० मध्ये. जर्मन वाचक ते पुस्तक विकत घेत होते तेव्हा परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज धारवाडच्या किल्ल्याला वेढा घालून बसली होती. इंग्रज, निजाम आणि मराठे मिळून टिपूवर चालून गेले होते. खरं म्हैसूर तोफांच्या धुरात होतं. नाटकातलं म्हैसूर म्हणजे पैसा, चांगुलपणा आणि एक खिदळणारी मुलगी.

कथानक थोडक्यात. इंग्लंडातल्या एका बंदराच्या गावी सर जॉन स्मिथ हा बुडालेला व्यापारी राहतो. गाउटने पाय धरलेत, म्हणून तो खुर्चीला खिळलेला. बायको जर्मन सरदार घराण्यातली, आणि माहेरच्या कुळाचा तोरा घरात खायला नसलं तरी उतरत नाही. थोरला मुलगा सॅम्युएल जकात खात्यात. इतका सावध की प्रत्येक वाक्याला आधी नाकं मुरडेल, मग मोजेल, मग बोलेल. धाकटा रॉबर्ट जहाजाचा कप्तान. मुलगी लिडी. शेजारी येऊन राहिलेला श्रीमंत नवाब आणि त्याची गुर्ली. सॅम्युएलचा डोळा गुर्लीच्या हुंड्यावर. गुर्लीला लग्न करायचंय, पण लग्न म्हणजे काय हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. तिला लिडी आवडते, म्हणून ती म्हणते, मी लिडीशीच लग्न करते. प्रेक्षक इथे हसून कोसळायचे. पुढे रॉबर्टने आणलेला फाझीर हा तिचा हरवलेला भाऊ निघतो, आणि सॅम्युएलशी लग्नाचे कागद तयार होत असताना गुर्ली सरळ रॉबर्टला निवडून मोकळी होते.

आज वाचताना यातलं निम्मं कंटाळवाणं आहे, ते कबूल करायला हवं. रडके संवाद लांब आहेत आणि सद्गुणांची भाषणं त्याहून लांब. पण गुर्ली आली की नाटक उठून बसतं. ती स्वतःबद्दल 'मी' असं क्वचितच म्हणते. 'गुर्लीला हे हवं', 'गुर्लीला हसू येतं' अशा चालीवर बोलते. मराठीत तीनचार वर्षांची पोरं बोलतात तसंच. मनात आलं ते तोंडात. त्या काळच्या युरोपला 'निसर्गाचं लेकरू' ही कल्पना फार आवडायची. कोत्सेबूने तिला बोलायची लकब दिली आणि नटीला टाळीची हमी दिली. पुढे अशा भोळ्या मुलीच्या भूमिकेलाच जर्मन नाटकमंडळ्यांत 'गुर्ली' म्हणू लागले. डेन्मार्क आणि स्वीडनमध्ये तर लोकांनी मुलींची नावं गुर्ली ठेवली, आणि ती शतकभर टिकली. म्हैसूरच्या नवाबाच्या लेकीचं बारसं असं बाल्टिकच्या काठावर झालं.

बाल्टिकवरून आठवलं ते रेवाल. आजचं टॅलिन, एस्टोनियाची राजधानी. तेव्हा रशियाच्या झारिणीच्या राज्यातलं बंदर. कोत्सेबू तिथे न्यायखात्यात नोकरीला होता आणि १७८४ मध्ये त्याने तिथे हौशी मंडळींचं नाट्यगृह सुरू केलं. उत्पन्न गोरगरिबांना जायचं. नट म्हणजे गावातले जर्मन वकील, अधिकारी, व्यापारी आणि त्यांच्या घरच्या बायका. गावाबाहेरच्या शेतांवर राबणारा एस्टोनियन माणूस वेठीचा गुलाम. त्याची सुटका व्हायला १८१६ उजाडावं लागलं. म्हणजे मूठभर लोकांची भाषा, भोवती दुसऱ्यांची आणि बांधलेल्या माणसांची भाषा, मधे बंदर, आणि संध्याकाळी काय करायचं हा प्रश्न. कोत्सेबूची नाटकं डच वसाहतींत इतकी का चालली याची कारणं लोक त्याच्या भावुकपणात शोधतात. मला वाटतं उत्तर त्याहून साधं आहे. ती रेवालच्या हौशी लोकांच्या मापाने शिवलेली होती, आणि केप टाऊन काय किंवा बटाव्हिया काय, तिथल्या हौशी लोकांना ती जशीच्या तशी बसली.

माप म्हणजे काय, ते 'इंडियानर'च्या पात्रयादीवरूनच कळतं. एकूण पात्रं डझनभर आणि त्यात बायका फक्त तीन: सर जॉनची बायको, लिडी, गुर्ली. हौशी मंडळात स्त्री-भूमिकेला माणूस मिळणं हेच पहिलं संकट असतं. आपल्याकडेही ते किती दशकं होतं हे वेगळं सांगायला नको. सर जॉन खुर्चीतून हलत नाही. म्हणजे पाठांतर कच्चं असलेल्या एखाद्या वजनदार गृहस्थाला ती भूमिका निर्धास्त द्यावी आणि खुर्ची प्रॉम्प्टरच्या जवळ ठेवावी. दोन वकील आहेत, ते उशिरा येतात. नव्या पोरांना तिथे रंगमंचाची सवय होते. जॅक नावाचा खलाशी आहे, त्याला आरडाओरडा करायला मोकळीक. नवाबाला भरदार आवाज आणि पगडी पुरते. राहता राहिली गुर्ली, आणि नाटक जगतं की मरतं ते एकटीच्या जिवावर. बाकी अकरा जण साधारण असले तरी चालतं. हा हिशेब ज्याला जमतो त्याचं नाटक हौशी मंडळी शंभर वर्षं सोडत नाहीत.

नेपथ्याचाही तसाच हिशेब. तेव्हाच्या घरगुती जर्मन नाटकाला एक मध्यमवर्गीय खोली पुरत असे. रंगवलेल्या सरकत्या फळ्यांवर खोली, बाग, रस्ता आणि रान अशी चार दृश्यं ज्या मंडळाकडे असतील ते निम्म्याहून अधिक कोत्सेबू उभा करू शकत होतं. पुढे १८०३ पासून त्याने दरसाल छोट्या एकांकिकांचं एक पंचांगवजा पुस्तकच काढायला सुरुवात केली, गावाकडच्या घरगुती करमणुकीसाठी असं नावातच सांगून. गिऱ्हाईक ओळखावं ते त्याने. दोनशेच्या वर नाटकं लिहिली. वायमारच्या दरबारी नाट्यगृहाचा कारभार गटेकडे होता आणि गटेला हा माणूस सोसत नसे, तरी त्याच गटेला त्याची ८७ नाटकं लावावी लागली. तिकीटबारीपुढे महाकवीही नम्र होतो.

आता भाषांतर. डच आणि जर्मन या सख्ख्या चुलत भाषा, तेव्हा अॅमस्टरडॅमचे प्रकाशक नवं जर्मन नाटक हाती पडताच त्याचं डच करून विकत. 'दे इंडियानेन इन एंगेलांट' हे त्यातलंच एक. सख्ख्या चुलत भाषेतलं भाषांतर सोपं असतं असं वाटतं, आणि घोटाळा तिथेच होतो. शब्द जवळचा म्हणून तोच उचलला जातो आणि वाक्याची जर्मन कवायत डचमध्ये शिल्लक राहते. क्रियापद वाक्याच्या शेवटी लटकतं, नट श्वास राखून राखून दमतो, आणि विनोदाचा शब्द जिथे पडायला हवा तिथे पडत नाही. शोकांतिकेत हे खपून जातं. मोठा माणूस लांबच बोलणार असं लोक गृहीत धरतात. विनोदात मात्र एका शब्दाची दिरंगाई झाली की हशा गेला.

दुसरा घोटाळा 'तू' आणि 'तुम्ही'चा. मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागणार नाही. जर्मनमध्ये 'दू' आणि 'झी' यांत स्पष्ट दरी आहे. डच पुस्तकी भाषेत तेव्हा 'खेई' हे एकच सर्वनाम रंगमंचावर सर्रास चाले, आणि घरात लोक 'येई' म्हणत. तेव्हा कोण कुणाशी सलगीने बोलतं आणि कोण अंतर ठेवून, हा जर्मन संवादातला बारीक खेळ डच रंगमंचावर सपाट व्हायचा. गुर्लीचं तेवढं निभावलं, कारण तिचं स्वतःला नावाने संबोधणं कुठल्याही भाषेत नेता येतं. भाषांतरकाराच्या हातून निसटू न शकणारी लकब कोत्सेबूने तिला दिली होती. हेतू तसा नसेल, फळ तसं मिळालं.

तिसरी गोष्ट शीर्षकाची. आजच्या जर्मनमध्ये 'इंडियानर' म्हणजे अमेरिकेतले मूळ रहिवासी. भारतीयांना 'इंडर' म्हणतात. डचमध्येही तसंच, 'इंडियान' आणि 'इंडिअर' वेगळे. १७९० मध्ये ही वाटणी झालेली नव्हती, एकाच शब्दाखाली म्हैसूरही होतं आणि मिसिसिपीही. आणि डच माणसाच्या तोंडी 'इंडिए' म्हणजे तर सगळ्यात आधी त्याची स्वतःची जावा. म्हणून हे शीर्षक अॅमस्टरडॅममध्ये वाचलं तर एक अर्थ, बटाव्हियात वाचलं तर दुसरा.

केप टाऊनचं नाट्यगृह उभं राहिलं इंग्रजांच्या पहिल्या कबजात, गव्हर्नर सर जॉर्ज यंग याच्या कारकिर्दीत, १८०० च्या सुमारास. जागा बुरप्लाइन, म्हणजे शेतकऱ्यांच्या गाड्या सोडायचा चौक. आजचा रीबेक स्क्वेअर. तळमजल्यावर गोदामं, वर नाट्यगृह, बाहेरून जिने. गोदामांचं भाडं यायचं म्हणून वरचं नाटक परवडायचं, ही रचना कुणा व्यवहारी माणसाने केलेली दिसते. इंग्रज लष्करी अधिकारी तिथे शेक्सपिअर लावत. १८०३ ते १८०६ हा वसाहत पुन्हा डचांकडे गेल्याचा मधला काळ, नंतर कायमचे इंग्रज. त्या एका घरात इंग्रज, फ्रेंच आणि डच मंडळं आळीपाळीने खेळ करत. डच मंडळांपैकी एकाचं नाव फ्रेंच होतं, 'ओनी स्वा की माल इ पांस', म्हणजे वाईट चिंतणाऱ्यालाच लाज. दुसरं 'टॉट न्यूट एन फरमाक', उपयोग आणि करमणूक यांसाठी. नावातच बचावाचं भाषण आहे, कारण केपच्या कॅल्विनपंथी चर्चला नाटक म्हणजे सैतानाची ओसरी वाटायची. या डच मंडळांच्या यादीत कोत्सेबू जितका भेटतो तितका दुसरा कुणी भेटत नाही.

असं एक नाटक उभं करायचं तर काय काय लागे? आधी प्रत. छापील पुस्तक हॉलंडहून यायचं, जहाजाला तीनचार महिने, आणि इंग्रज-फ्रेंच युद्धाच्या वर्षांत तेही भरवशाचं नाही. म्हणून एका प्रतीवर सगळं मंडळ. त्या प्रतीवरून नकला काढायच्या. हा शब्द आपल्या संगीत नाटक मंडळ्यांचाच, आणि पद्धतही हुबेहूब तीच: प्रत्येक नटाला फक्त त्याची वाक्यं लिहून द्यायची, प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याचे शेवटचे दोनतीन शब्द. कागद वाचतो, वेळ वाचतो आणि प्रत दुसऱ्या मंडळाच्या हाती लागत नाही. तोटा असा की नटाला नाटक काय आहे हे पहिल्या तालमीपर्यंत कळतच नाही. आणि नकला दोन वेगळ्या छापांवरून निघाल्या की मग पाहायलाच नको. एकाच्या नकलेतले शेवटचे शब्द दुसऱ्याच्या तोंडून येतच नाहीत, दोघे एकमेकांकडे बघत उभे, आणि प्रॉम्प्टर कुठलं पान उघडावं म्हणून घामाघूम. आपला प्रॉम्प्टर विंगेत असतो. त्यांचा रंगमंचाच्या पुढच्या कडेला मधोमध एका टोपीखाली, डोकं तेवढं फळीच्या वर. हळू बोलायचं आणि नटांनाच ऐकू जायचं, प्रेक्षकांना नाही. हौशी प्रयोगात तो मुख्य भूमिका करायचा असं म्हटलं तरी चालेल.

मग उजेड. चरबीच्या मेणबत्त्या आणि तेलाचे दिवे. वात कापायची कात्री घेतलेला माणूस हा नाटकाचा अधिकृत भाग होता, कारण तेव्हाची सरळ वात जळताना वाकत नसे. ज्योतीत उभी राहून कोळसा धरायची, ज्योत लाल व्हायची, धूर आणि वास सुटायचा. वेणीसारख्या विणलेल्या, आपोआप वाकून जळणाऱ्या वातीचा शोध १८२० च्या दशकातला. तोपर्यंत दर अर्ध्या तासाच्या आत वाती कापल्या नाहीत तर शेवटच्या अंकात गुर्ली कुणाचा हात धरतेय तेही दिसलं नसतं. अंक आटोपशीर हवेत याचं एक कारण काव्यशास्त्रात आहे आणि एक मेणबत्तीत. दुसरं कारण मला जास्त पटतं.

कपडे हा मात्र वसाहतींचा हातखंडा. बर्लिनच्या शिंप्याने हिंदी राजकन्या म्हणून जे काही शिवलं असेल ते असेल. केपच्या प्रतिष्ठित घरांत कोरोमंडलचं छापील कापड आणि बंगालची मलमल पेटीत पडून होती. डचमध्ये त्या छापील कापडाला 'सिट्स' म्हणतात, म्हणजे आपली छीट. घरच्या पेटीतून गुर्लीचा पेहराव निघावा अशी सोय युरोपातल्या मोठ्या नाट्यगृहांना नव्हती.

पण त्याच घरांत आणखीही काही होतं. डच कंपनीच्या आणि नंतरच्या काळात, १६५२ ते १८०८ या दीडशे वर्षांत केपला सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले आणि त्यातले जवळजवळ चौथाई भारतातून, बंगाल, मलबार आणि कोरोमंडलच्या किनाऱ्यावरून. कागदोपत्री त्यांची आडनावं गावांची: 'फान बेंगालेन', 'फान मालाबार'. स्वयंपाकघरात, शिवणकामाला, मुलं सांभाळायला ही माणसं. मालकीण पेटीतली छीट काढायला जिला सांगायची ती बहुधा त्यांच्यातलीच एखादी. कोत्सेबूच्या हिंदी माणसाकडे अमाप पैसा आहे, तो इंग्रजांच्या बुडत्या घराला हात देतो, आणि त्याची मुलगी हवं त्याला हो म्हणते, नको त्याला नाही. केपच्या प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे रोज जो हिंदी माणूस होता त्याला यातलं एकही करता येत नव्हतं. अशा घरातून उठून येऊन वर नाट्यगृहात नवाबाच्या औदार्याला रडणं लोकांना जड जात नसावं. विनोदी नाटकाचं ते एक बळ आहे. ते माणसाला घरचं विसरायला लावतं, आणि कधी कधी ते बळच त्याच्याविरुद्ध पुरावा होतं. कोत्सेबूने पुढे १७९६ मध्ये जमैकातल्या गुलामांच्या हालांवर अख्खं नाटक लिहिलं. हळवेपणा त्याला कुठल्याही विषयावर येत असे.

बटाव्हियात मामला थोडा निराळा. जावा १८११ मध्ये इंग्रजांनी घेतली आणि १८१४ मध्ये तिथल्या अविवाहित लष्करी अधिकाऱ्यांनी वेल्टेफ्रेडन भागात बांबूचं नाट्यगृह उभारलं. डच परतल्यावर १८१७ मध्ये तिथल्या हौशी मंडळींनी आपलं मंडळ काढलं आणि त्याला रोमन कवी ओव्हिडच्या एका लॅटिन ओळीचं नाव दिलं. अर्थ असा: ताकद कमी पडली तरी इच्छा वाखाणावी. जगातल्या तमाम हौशी नाट्यमंडळांचं बोधवाक्य व्हावं इतकं ते प्रामाणिक आहे. लोक त्याला पहिल्या दोन शब्दांवरून 'उट डेसिंट' म्हणत, म्हणजे 'कमी पडो'! बांबूच्या जागी पक्की इमारत झाली ती १८२१ मध्ये. ऑक्टोबरात उघडायची होती, पण शहरात पटकीची साथ आली आणि पहिला प्रयोग ७ डिसेंबरला झाला, 'ऑथेल्लो'चा. ती पांढरी खांबांची इमारत आजही जकार्तात आहे आणि तिथे आजही प्रयोग होतात.

बटाव्हियाची मोठी अडचण बायकांची. हॉलंडहून येणारे बहुतेक पुरुष, आणि तिथल्या मिश्र घराण्यांतल्या अनेक स्त्रियांची रोजची भाषा मलय किंवा बिघडलेली पोर्तुगीज. पुस्तकी डच त्यांना परकीच. तेव्हा स्त्री-भूमिका तरुण कारकून आणि लेफ्टनंट करत. स्त्रीपार्टी नटांची सवय असलेल्या मराठी माणसाला यात नवल वाटणार नाही, पण फरक आहे. आपल्या स्त्रीपार्टी नटाने ती कला म्हणून कमावलेली असे, चाल, पदर, नजर सगळं. तिथला लेफ्टनंट महिनाभराच्या तालमीत उभा राहायचा. सर जॉनच्या तोऱ्याच्या बायकोचं काम अशा माणसाला छान जमतं, कारण जाडा आवाज तिथे उलट हशा देतो. गुर्लीचं जमत नाही. भोळेपणा हा पुरुषाने आणला की चटकन वात्रटपणा होतो. आणि मुलगी मुलीशी लग्न करू म्हणते ते, दोघी पुरुषच असल्यावर, भलत्याच कारणासाठी गमतीचं ठरतं. ज्या मंडळाकडे गुर्ली नाही त्याने हे नाटक हाती घेऊ नये, एखादी एकांकिका घ्यावी. कोत्सेबूकडे त्याचीही सोय होतीच.

आणि पेकोजान. बटाव्हियाच्या जुन्या गावात भारतातून आलेल्या मुसलमान व्यापाऱ्यांची ती वस्ती, खोजांच्या नावाने ओळखली जाणारी. कोरोमंडलचे 'क्लिंग' व्यापारीही तिथे पिढ्यान् पिढ्या. कापडाचा भाव, कर्जाची मुदत, जहाजाचा विमा यांवर डच कारकून रोज ज्यांच्याशी घासाघीस करायचा ते खरे हिंदी लोक. त्यांच्यापैकी कुणाचंच नाव काबेरदार नव्हतं आणि कुणीच आपला खजिना बुडत्या युरोपीय व्यापाऱ्याच्या ओटीत टाकत नव्हता. हिंदी माणूस म्हणजे हिशेबाला पक्का, हा त्यांचा अनुभव. बर्लिनला नवाब अद्भुत वाटला. बटाव्हियात तो धंद्याच्या दृष्टीने अशक्य होता.

भाषेकडे परत येतो, कारण केपमध्ये खरी गंमत तिथे झाली. केपचा डच माणूस घरात जे बोलत होता ते हॉलंडचं डच राहिलंच नव्हतं. क्रियापदांची रूपं गळली होती, नकार वाक्यात दोनदा यायला लागला होता, मलय, पोर्तुगीज आणि केपच्या मूळ रहिवासी खोई लोकांचे शब्द मिसळले होते. पुढे त्यालाच आफ्रिकान्स म्हणणार होते. रंगमंचावर मात्र 'खेई'वालं छापील डच. म्हणजे विनोदी नाटकातला बाप, आई, सावध मुलगा सगळे अशा भाषेत बोलत जी प्रेक्षकांतलं कुणीच जेवताना बोलत नसे. त्यात १८२२ च्या फर्मानाने इंग्रजीला सरकारी भाषा केलं आणि १८२७ पासून न्यायालयांतून डच हद्दपार झालं. त्यानंतर डच नाटकाला जाणं हे नुसतं करमणुकीचं राहिलं नाही. एका जर्मनाने रशियाच्या राज्यात बसून लिहिलेलं, इंग्लंडात घडणारं, म्हैसूरच्या नवाबाचं नाटक आफ्रिकेत डच भाषा टिकवायच्या कामी यावं! कोत्सेबूला हे कळलं असतं तर त्याने यावरही तीन अंक लिहिले असते.

घरातली भाषा शेवटी रंगमंचावर आणली ती एका फ्रेंच माणसाने. शार्ल एत्येन बोनिफास १८०७ मध्ये केपला आला, डच मंडळांसाठी राबला, 'दे झाउड-आफ्रिकान' हे पत्र निघालं तेव्हा त्याचा पहिला संपादक झाला, आणि १८३२ मध्ये त्याने 'दे टेम्परँटिस्टेन' नावाचं नाटक लिहिलं. दारूबंदीच्या प्रचारकांची आणि मिशनऱ्यांची टर. त्यात खोई पात्रं केपच्या बोलीत बोलतात. खोई माणसांना दारुडे म्हणून हास्यास्पद करणारं ते नाटक आज वाचवत नाही, पण बोलीचा तो छापील पुरावा अभ्यासकांना सोडताही येत नाही. कोत्सेबूच्या भाषांतरांवर तालीम झालेल्या माणसाच्या हातून हे व्हावं हे मला ओघाचं वाटतं. परक्या विनोदाची जुळणी पुरेशी वेळा खोलून बसवली की माणूस स्वतःचं यंत्र बांधायला घेतो. आपल्याकडे पौराणिक खेळानंतर फार्स लावायची रीत पडली आणि त्या फार्सांत रोजची मराठी मोकळी झाली, ते काहीसं असंच. सांगलीला १८४३ मध्ये 'सीतास्वयंवर' झालं ते पटवर्धनांच्याच आश्रयाने. धारवाडच्या वेढ्यातलं तेच घराणं.

कोत्सेबू स्वतः तोवर कधीच गेला होता. झार पहिल्या पॉलने त्याला १८०० मध्ये सैबेरियात पाठवलं आणि त्याचंच एक छोटं नाटक आवडलं म्हणून परत बोलावलं. इतकी विनोदी सुटका त्याच्या नाटकांतही नाही. जर्मन विद्यार्थ्यांना मात्र तो रशियाचा हेर आणि प्रतिगामी वाटत होता. २३ मार्च १८१९ रोजी मानहाइममध्ये कार्ल लुडविग झांट या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने त्याच्या घरी जाऊन त्याला भोसकलं. त्या खुनाचं निमित्त करून ऑस्ट्रियाचा मंत्री मेटरनिख याने जर्मन राज्यांत वृत्तपत्रं आणि विद्यापीठं यांच्या मुसक्या बांधल्या. केपला आणि बटाव्हियाला त्याची नाटकं त्यानंतरही लागत राहिली; जहाजातून बातमी आली, नकला होत्या तिथेच राहिल्या.

केपचं नाट्यगृह १८३० च्या दशकात धर्मजागृतीच्या लाटेत बंद पडत गेलं. गुलामगिरी कायद्याने संपली १ डिसेंबर १८३४ ला, पण 'उमेदवारी'च्या नावाखाली चार वर्षं त्याच मालकांकडे काढून माणसं खरोखर सुटली ती १ डिसेंबर १८३८ ला. त्याच सुमारास ती इमारत विकली गेली आणि श्टेगमान नावाच्या पाद्र्याने तिथे मुक्त झालेल्या लोकांसाठी शाळा आणि चर्च सुरू केलं. नाट्यगृहाची आसनं काढून तिथे बाकं आली. गावातल्या काही लोकांना हे रुचलं नाही, आणि प्रार्थना चालू असताना त्यांनी खिडक्यांवर दगड मारले. म्हणून चर्चला नाव मिळालं सेंट स्टीफनचं, दगडांनी मारल्या गेलेल्या हुतात्म्याचं. त्या डच पंथाची चर्चं संतांची नावं सहसा घेत नाहीत. रीबेक स्क्वेअरच्या बाजूला ती इमारत अजून उभी आहे. तळमजला, वर सभागृह, बाहेरून जिने.